मंदाचं सांगा

नकल्याकाकांनी माझ्या मावशीची जवळजवळ पंधरा वर्षं बदनामी केली आणि त्याबद्दल गावोगावच्या लोकांनी त्यांना शाल-श्रीफळ दिलं. हे मी मुद्दाम पहिल्याच वाक्यात लिहून टाकते, कारण त्यांचं नाव निघालं की माणसं आधी हसतात. मला ते सहन होत नाही. "काय माणूस होता हो! त्यांच्या मंदाचा तो किस्सा ठाऊक आहे का तुम्हाला?" असं म्हणून जो तो माझ्याच मावशीचा किस्सा मला ऐकवायला बसतो. माझं डोकं फिरतं. तरी मी ऐकून घेते, आणि खरं सांगायचं तर एखाद्या किश्शाला अजूनही मला हसू फुटतं. मग स्वतःचाच राग येतो.

काकांचं खरं नाव फक्त रेशनकार्डावर होतं. भिवंडीत आणि आसपासच्या गावांत ते 'नकल्या' म्हणूनच ओळखले जात, आणि मी त्यांच्या बायकोची भाची, म्हणून माझे ते नकल्याकाका. दिवसा ते यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. लूम बिघडला की तो दुरुस्त करायचा, हे त्यांचं काम. त्या शेडमध्ये चाळीस लूम एकदम चालायचे. कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे, म्हणून तिथली माणसं हातवारे करून आणि एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची. बाहेरून आलेल्याला वाटावं की सगळे मुके आहेत. काका त्यात इतके पटाईत झाले होते की रस्त्याच्या पलीकडे उभी असलेली दोन माणसं काय बोलताहेत ते आम्हाला इथे उभं राहून सांगायचे. त्यांची नक्कल तिथूनच आली. आवाज कुणाचाही काढतील, पण सुरुवात चेहऱ्यापासून. "आदी तोंड बघायचा गो," ते मला सांगत. "मंग आवाज. नुसता आवाज तर पोपट बी काढतो."

मी वज्रेश्वरीजवळच्या गावातली. बारावीनंतर, दोन हजार एक साली, कॉलेजसाठी भिवंडीला मावशीकडे राहायला आले. कामतघरला त्यांच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या. घरात काका, मावशी, त्यांची मुलगी सारिका आणि मी. गोदामांचं राज्य तेव्हा नुकतंच सुरू होत होतं. राहनाळ, वडपे इथल्या भाताच्या जमिनी विकल्या जात होत्या, पत्र्याच्या शेड उभ्या राहत होत्या आणि काल-परवापर्यंत खाडीत मासे धरणाऱ्या घरांत आज गाड्या उभ्या होत्या. लग्नापेक्षा हळद मोठी करायची चढाओढ लागली होती. मांडवात स्टेज, स्टेजवर बेंजो, आणि बेंजोवाले दम खायला थांबले की काकांचा नंबर.

या कार्यक्रमांत एक रीत होती. हळदीच्या दिवशी दुपारी यजमान काकांच्या हातात एक चिठ्ठी द्यायचा. वऱ्हाडातल्या कुणाची कसली खोड, कोण घोरतं, कोण दारावरच्या भिकाऱ्याला सुट्टे पैसे मागतं, असं सगळं त्यात लिहिलेलं असे. संध्याकाळी काकांनी त्यावरून एकेकाची नक्कल करायची. प्रत्येकाला दुसऱ्याची नक्कल बघायची हौस, स्वतःची नको. एकदा वडप्याला चिठ्ठीत होतं, 'नवऱ्याचा मामा, पंगतीला दोनदा बसतो.' काकांनी त्या मामाचं जेवणं हुबेहूब केलं. पहिल्या पंगतीतून उठून, मिशी पुसून, टोपी बदलून दुसऱ्या पंगतीत कसं बसायचं, तेही केलं. मांडव लोटपोट झाला. मामा स्टेजवर चढला आणि त्याने काकांच्या थोबाडीत मारली. आणि ज्याने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहिली होती तो यजमान हात जोडून मामाला काय म्हणाला? "आमी कुठं काय सांगितला? ह्यानंच मनानं बनवला." असली ही मोठी माणसं! त्या दिवशी पाकीट तर मिळालं नाहीच, वर मावशीने गालावर लेप लावला तेव्हा काका म्हणाले, "नवऱ्याच्या आदी मलाच हळद लागली."

हे माझ्या येण्याच्या कितीतरी आधीचं, मी मावशीकडून ऐकलेलं. त्या थपडेनंतर काकांनी स्वतःशी एक कायदा केला. "दुसऱ्याच्या घरातला काय बी काढायचा न्हाय. आपल्या घरातला काढला तर कोन मारंल?" कायदा ऐकायला किती साधा! पण आपल्या घरात माणसं असतात, हे ह्या हुशार माणसाच्या डोक्यात आलं नाही.

अशी स्टेजवरची मंदा जन्माला आली. ही मंदा पाच माणसांच्या वजनाची. ती रिक्षात बसली की रिक्षावाला काकांना म्हणतो, "काका, ही रिक्षा आहे. ट्रक वडप्याला मिळतो." ती चिकट इतकी की पाहुण्यांना चहा दिल्यावर गाळणीतली पावडर उन्हात टाकते, गच्चीवर एका बाजूला पापड, दुसऱ्या बाजूला चहा वाळतोय. पगाराच्या दिवशी ती कारखान्याच्या गेटवर उभी राहते. वॉचमन झडती नंतर घेतो, आधी मंदा घेते. आणि तिच्या हातात कायम लाटणं. काका ते लाटणं चुकवत स्टेजभर पळायचे, कधी मंदा व्हायचे, कधी स्वतः व्हायचे, आणि शेवटी आपणच आपल्याला मारून खाली पडायचे. लोक खुर्च्यांवरून घसरायचे.

आणि खरी मंदा, म्हणजे माझी मावशी, पाप्याचं पितर. वाऱ्याने उडेल अशी. आमच्याकडे तांदळाची भाकरी हातावर थापतात. घरातलं लाटणं वर्षातून एकदा दिवाळीच्या करंज्यांना निघायचं आणि परत फळीवर जायचं. तिच्या दारातून कुणी उपाशी गेलेलं मी पाहिलं नाही. राहिला प्रश्न खिशाचा. हळदीहून आले की काका पाकीट न उघडता मावशीच्या हातात ठेवत. ती देवापुढे ठेवून मग उघडायची, आणि त्यातून सारिकाच्या शाळेचं, काकांच्या गावाकडच्या आईच्या औषधाचं निघायचं. माझी कॉलेजची तिन्ही वर्षांची फी त्यातूनच गेली. म्हणजे तिला चिकट म्हणून मिळालेल्या पैशावर मी शिकले. हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावर बरेच दिवस घास गोड लागला नाही.

लोकांना गंमत आणि खरं यांतला फरक कळत नाही असं मी म्हणणार नाही. कळतो, पण फरक केला तर मजा जाते, म्हणून ते करत नाहीत. मावशी बाजारात गेली की भाजीवाली म्हणायची, "तुमच्यासंगं भाव न्हाय करनार बाय, तुमी मारताल." कारखान्यातले कामगार रस्त्यात काकांना अडवून विचारायचे, "क्या जॉबरसाब, आज भाभी ने बेलन चलाया कि नहीं?" शेजारच्या बायका हळदीकुंकवाला येऊन तिळगूळ हातात घेत आणि म्हणत, "मोजून दिलेत ना?" आणि खिदळत. मावशीही थोडं हसायची. लग्नात मात्र तिने भात दुसऱ्यांदा घ्यायचं सोडून दिलं, कारण वाढपी पुढे आला की आजूबाजूच्या बायका कोपराने एकमेकींना ढोसायच्या. अर्धपोटी घरी यायची आणि गुपचूप भाकरी खायची. मी विचारलं तर म्हणाली, "असू दे गो. पोटापाण्याचं हाय त्यांचं."

मला काही ते 'असू दे' जमलं नाही. मी काकांना तोंडावर विचारलं, "तुम्हाला नावसुद्धा दुसरं सुचलं नाही का? निदान नाव तरी बदला."

"बदललं व्हता," ते शांतपणे म्हणाले. "एकदा शांता केली. लोकं हसलीच न्हाईत. नाव खरा असला का मंग खोटा खपतो."

मी चिडून उठून गेले. हसवायच्या कामात हा माणूस किती खोलवर गेला होता ते आता कळतं, पण तेव्हा मला फक्त मावशीचं अर्धं पोट दिसत होतं. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच आठवड्यात कॉलेजातल्या मैत्रिणींना मी तो चहा वाळवायचा किस्सा सांगितला होता. त्यांनी पुन्हा पुन्हा सांगायला लावला, आणि मी सांगितला.

सारिकाला बाविसावं लागलं तेव्हा वडप्याहून स्थळ आलं. मुलगा गोदामाच्या ऑफिसात कामाला, घरची माणसं सुखवस्तू, पत्रिका आधीच जुळलेली. मावशी चार दिवस घर घासत होती. मुलगा, त्याची आई, आत्या आणि मध्यस्थ असे सगळे जीप घेऊन आले. बोलणं छान झालं. मुलाला सारिका आवडली हे त्याच्या कानांवरून कळत होतं, इतके ते लाल झाले होते. मावशीने पोह्यांच्या बश्या दुसऱ्यांदा भरल्या तेव्हा मुलाच्या आईने आत्याकडे पाहिलं. मी ते पाहिलं, पण माझ्या मनात काही आलं नाही.

ती मंडळी खाली उतरली आणि काका खिडकीशी जाऊन उभे राहिले. जीप सुरू झाली होती, तिचा घरघराट वरपर्यंत येत होता, त्यामुळे खालचं बोलणं ऐकू येणं शक्यच नव्हतं. जीप गेल्यावरही काका खिडकीतच उभे. चौथ्या दिवशी मध्यस्थाचा निरोप आला : पत्रिका जमत नाही. जुळलेली पत्रिका चार दिवसांत विस्कटली! मी मध्यस्थाला फोन करून भांडायला निघाले, तेव्हा काकांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"पत्रिकेचा काय न्हाय त्यात," ते म्हणाले. "जीपमधी बसताना ती बाई बोल्ली, मी तोंडावर वाचला. बोल्ली, पोरगी बरी हाय, पन आयशीच्या वळनावर गेली तर आपल्या पोराचा काय? रोज लाटणं खाईल."

मावशी दारात उभी होती. आम्हाला वाटलं होतं ती आत आहे. ती रडली नाही, ओरडली नाही. काकांकडे बघून तिने एवढंच विचारलं, "मी काय केला व्हता हो?"

काकांनी हातातला फोन जागेवर ठेवला. पंधरा वर्षांत त्या बाईने पहिल्यांदा जाब विचारला होता, तोही किती हळू आवाजात! माझ्या मनात आलं की आता खरंच हिच्या हातात लाटणं द्यावं.

पुढच्याच आठवड्यात राहनाळची हळद होती, सुपारी आधीच घेतलेली. काका मावशीला म्हणाले, "आज तू चल. आज लोकांना सांगतो मी." ती नको म्हणत होती. त्यांनी हट्ट केला तेव्हा तिने हिरवी साडी नेसली आणि मी तिच्याबरोबर गेले. बायकांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत आम्ही बसलो. काकांनी आधी गावच्या पुढाऱ्याची नक्कल केली, मग बसच्या कंडक्टरची. लोक हसले, पण जेवणाआधी शेंगदाणे खावेत तसं. मागून आरोळी आली, "मंदाचं सांगा!" मग चहूकडून तेच. "मंदाचं! मंदाचं सांगा!"

काकांनी हात वर केला. "आज मंदाचं खरं सांगतो," ते म्हणाले. "माझी मंदा तशी न्हाय."

मांडव हसला.

"आयका. कारखाना तीन महिने बंद व्हता. हिनं हातातल्या बांगड्या मोडल्या आनि मला सांगितलान का हरवल्या. मला वाईट वाटू नये म्हनून."

"पैसं लपवलं असतील!" मागून कुणीतरी ओरडलं. पुन्हा हशा.

"मला कधी बोट लावला न्हाय तिनं!"

"बोट कशाला? लाटणं हाय ना!"

"आईशपथ सांगतो!" काका ओरडले. त्यांचा आवाज फाटला होता आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. तो फाटका आवाज, ते पाणी, सगळं लोकांना नक्कल वाटलं. इतकी चांगली नक्कल त्यांनी काकांकडून कधी पाहिली नव्हती. म्हातारी माणसं पोट धरून वाकली. मग काकांनी शेवटचा उपाय केला. त्यांनी आमच्याकडे बोट दाखवलं. "ती बघा! ती बसली हाय माझी मंदा!"

सगळा मांडव वळला. हिरव्या साडीतली ती काडीसारखी बाई लोकांनी पाहिली, आणि त्या दिवसातला सर्वांत मोठा हशा झाला. हडकुळी बाई आणून बसवली आणि तिला मंदा म्हटलं, काय डोकं आहे नकल्याचं! यजमान धावत स्टेजवर गेला आणि काकांवरून नोटा ओवाळू लागला. माझ्या शेजारची बाई मावशीच्या मांडीवर थाप मारून म्हणाली, "तुला किती देनार गो ह्याचं?" मला त्या बाईला ओरबाडावंसं वाटलं. आजही वाटतं. शंभर वेळा खोटं सांगितलं तर ते खरं मानायचं, त्यावर पोरीचं लग्न मोडायचं, आणि एकदा माणूस खरं सांगायला उभा राहिला की टाळ्या पिटायच्या!

मावशी गडबडली नाही. ती स्टेजकडे बघत होती आणि तिचे ओठ हलले. त्या गदारोळात शेजारी बसून मलासुद्धा काही ऐकू आलं नाही. पण काकांनी तिच्याकडे पाहिलं, मान डोलावली, माईक खाली ठेवला आणि स्टेजवरून उतरून सरळ आमच्याकडे आले. रिक्षात मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की ती म्हणाली होती, "पुरे आता. घरी चला."

त्यानंतर काका स्टेजवर गेले नाहीत. लोक गाड्या घेऊन दारात यायचे, दुप्पट देतो म्हणायचे. मावशीच त्यांना सांगायची, "घसा बसलाय त्यांचा." दोन वर्षांनी सारिकाचं लग्न पेणकडे झालं. नकल्याकाकांचं नावही न ऐकलेली माणसं, हे त्या स्थळाचं सर्वांत मोठं क्वालिफिकेशन. तिच्या हळदीला बायकांनी गाणी म्हटली तेवढीच. पाहुण्यांपैकी एकाने, "काका, होऊन जाऊ दे एक," म्हटलं, तर काका नुसते हात जोडून हसले आणि पंगतीत मीठ वाढायला गेले.

मला वाटलं होतं की मला बरं वाटेल. पण त्यांनी घरातल्या घरात करायच्या नकलाही सोडल्या. घरमालक भाडं मागताना आधी देवाचं नाव कसा घेतो, ते करून दाखवायचे आणि आम्ही तिघी लोळायचो; तेही बंद झालं. त्यांच्यावर इतकी चिडलेली मी, ठाण्याला नोकरीला लागल्यावर सुट्टीत यायचे आणि त्यांच्या मागे लागायचे, "काका, घरमालक करा ना." ते माझ्या डोक्यावर टपली मारायचे. एकदा म्हणाले, "तोंडा दिसत न्हाईत गो मला आता. बघितला का निसते ओठ दिसतात. आनि काय बोलतात ते कळतं."

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात शेडमध्येच, लूमखाली वाकलेले असताना ते गेले. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. लूम चालू होते म्हणून पडल्याचा आवाज कुणाला आला नाही. मी त्यांच्यावर पुरेशी ओरडले होते आणि एकदाही त्यांना सांगितलं नव्हतं की त्यांच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. त्याची चुटपुट माझी मला.

महिनाभराने एक गृहस्थ भेटायला आले. गळ्यात जाड साखळी, पांढरे कपडे, बरोबर फळांची करंडी. त्यांच्या तीन पोरांच्या हळदीला काका गेले होते म्हणे. काकांच्या फोटोला हार घालताना ते खरोखर रडले. मावशीने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि ट्रे हातात धरून तिथेच उभी राहिली. त्यांनी डोळे पुसले, स्वयंपाकघराच्या दाराकडे मान लांब करून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "मंदावहिनी कुठं हायत? आलो हाय तर भेटूनच जातो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोलायला तोंड उघडणार, तोच मावशी म्हणाली, "ती गेली. त्यांच्याबरोबरच गेली."

त्या माणसाने हात जोडले. "अरेरे," तो म्हणाला. "लय हसवला त्या बाईनं आमाला."

"हो," मावशी म्हणाली. "चहा घ्या, निवतोय."